मोरपीस आणि लोलक

शाळेत लावण्यासाठी काढलेला रंगांविषयीचा एक तक्ता अलीकडेच आमच्या हाती आला. छपाई उत्तम, चित्रे मोठी. मध्यभागी लोलक आणि त्यातून बाहेर पडणारे सात रंग. भोवती इंद्रधनुष्य, मोरपीस, साबणाचा फुगा, पैठणीचा पदर, काजवा आणि रायरेश्वरची सात रंगांची माती. भोर-वेल्ह्याच्या मुलांना ओळखीचे काही दिसावे हा हेतू चांगलाच. पण खाली एकच खुलासा आहे: पांढऱ्या प्रकाशाचे अपस्करण झाल्याने हे सारे रंग दिसतात. सहांपैकी तो फक्त इंद्रधनुष्याला लागू पडतो.

मातीचे रंग मुख्यतः लोहाच्या संयुगांचे. तांबडी माती खलात कितीही घोटा, कोणत्याही बाजूने पाहा, ती तांबडीच राहते. काजवा तर स्वतःच्या शरीरातील रासायनिक क्रियेने उजेड पाडतो. त्याचा येथे काय संबंध?

पैठणीचे प्रकरण अधिक मजेचे आहे. धूपछाव पदर हलवला की रंग पालटतो, म्हणून तो मोरपिसाचा भाऊच वाटतो. पण त्याच्या कडेचा एक सुटा धागा उजेडात फिरवून पाहावा. तो एकाच रंगाचा असतो. उभे धागे एका रंगात रंगवलेले, आडवे दुसऱ्या. पाहण्याचा कोन बदलला की कधी हे अधिक दिसतात, कधी ते. हे कसब रंगाऱ्याचे आणि विणकराचे.

मोरपिसाबाबत मात्र तक्त्याला फार बोल लावण्याचा आम्हाला अधिकार नाही. आम्हीही अनेक वर्षे व्याख्यानात पीस लोलकाशेजारीच ठेवत होतो. वेल्ह्याकडच्या एका शाळेत सातवीतल्या मुलीने विचारले, “मग हे पीस उजेडासमोर धरलं की तपकिरी का दिसतं?” आम्हाला तेथे उत्तर देता आले नाही.

उत्तर असे, की त्या पिसात निळे वा हिरवे रंगद्रव्य नसतेच. असते ते गडद तपकिरी मेलॅनिन. त्याच्या सूक्ष्म कांड्या जाळीसारख्या ओळीने रचलेल्या असतात. त्यांच्यावरून परतणारे प्रकाशतरंग एकमेकांत मिसळतात; काही तरंगलांबी बळावतात, काही क्षीण होतात. यालाच व्यतिकरण म्हणतात. चिनी संशोधकांनी २००३ मध्ये ही जाळी मोजली, तेव्हा निळ्या भागात कांड्यांमधले अंतर सुमारे १४० नॅनोमीटर, हिरव्यात १५० आणि पिवळ्यात १६५ भरले. पीस उजेडासमोर धरल्यावर परावर्तित नव्हे, तर आरपार आलेला प्रकाश दिसतो. म्हणून उरते मेलॅनिनचे तपकिरीपण. पीस ओले केले की रंग जातात हे हूकने १६६५ मध्येच नोंदवले होते. न्यूटनने १७०४ मध्ये मोराच्या रंगांचे नाते पातळ पापुद्र्यांशी जोडले आणि आपल्याकडे रामन यांनी १९३०च्या दशकात शिंपले व पिसे यांवर काम केले. तेव्हा माहिती नव्हती, असे तक्ता काढणाऱ्यांना म्हणता येणार नाही.

आमची खरी तक्रार वेगळी आहे. भातखाचराच्या कडेला, झऱ्याच्या डबक्यात पाण्यावर कधी कधी सप्तरंगी साय दिसते. “डिझेल सांडलं,” असे लोक म्हणतात आणि कोणावर तरी आळ येतो. पुष्कळदा ती लोहजीवाणूंची करणी असते. काडीने ढोसून पाहावे. तेलाचा तवंग पुन्हा जुळून येतो. जीवाणूंची साय तडकून कोनाकोनांचे तुकडे होतात व ते सुटेच राहतात. रंगांचे कारण दोन्हींत एकच, पातळ थरातले व्यतिकरण, जे साबणाच्या फुग्यातही असते. (साय तडकली म्हणून पाणी पिण्याजोगे ठरत नाही, हे मुलांना बजावून सांगावे.) मुलांच्या पायाशी असलेले हे डबके तक्त्यात नाही.

तक्ता फेकून द्यावा असे आम्ही म्हणत नाही. खालच्या ओळीवर कागद चिकटवावा आणि मुलांच्या हाती गळून पडलेले पीस, पदराचा धागा, चिमूटभर माती व एक काडी द्यावी. पुढच्या आवृत्तीत प्रकाशकांनी लोलकाजवळ इंद्रधनुष्य तेवढे ठेवावे. काजवा वगळला तरी चालेल.