उलटा जोडलेला माइक

मायक्रोफोन आणि स्पीकर तत्त्वतः एकच यंत्र आहे. साध्या डायनॅमिक माइकमध्ये एक पातळ पडदा असतो, त्याला जोडलेली तारेची गुंडाळी असते आणि एक चुंबक असतं. आवाजाने पडदा हलतो, गुंडाळी हलते, वीज तयार होते. आता हेच उलट करा. गुंडाळीत वीज सोडली की पडदा हलतो आणि माइकच बोलायला लागतो.

मुंबईच्या शिल्पा गुप्ता (जन्म १९७६, शिक्षण जे.जे.मध्ये, शिल्पकला) यांनी हा गुणधर्म कलेत वापरला. 'फॉर, इन युअर टंग, आय कॅनॉट फिट' (२०१७-१८) ही त्यांची मांडणी २०१८ला कोचीच्या आणि २०१९ला व्हेनिसच्या बिएनालेमध्ये होती. अंधारलेल्या खोलीत छतापासून लटकणारे १०० माइक, खाली १०० टोकदार सळ्या आणि प्रत्येक सळीत खुपसलेला कवितेचा कागद. लिहिल्याबद्दल, मतांबद्दल तुरुंगात गेलेल्या १०० कवींच्या या ओळी. माइक त्या ओळी ऐकवतात.

कन्सेप्च्युअल आर्टवर नेहमीचा आक्षेप असतो की शेजारची पाटी काढली तर उरतं काय? मला हा प्रश्न रास्त वाटतो. इथे मात्र उत्तर यंत्रातच आहे. ज्यांच्यापुढून माइक काढून घेतला, त्यांच्यासाठी माइकच तोंड झालाय. हे कळायला पाटी लागत नाही.

'थ्रेट'मध्ये (२००८-०९) भिंतीसारख्या रचलेल्या विटा दिसतात. प्रत्यक्षात त्या साबणाच्या वड्या आहेत, प्रत्येकीवर इंग्रजीत 'थ्रेट' कोरलेलं. प्रेक्षकाने एक वडी घरी न्यायची. ती वापरली की शब्द झिजतो, आणि इकडे भिंतही कमी होत जाते. पुन्हा तेच बघा, अर्थ पदार्थाच्या गुणधर्मातून येतो.

'१:१४.९' (२०११-१२) बद्दल मात्र मी थोडा साशंक आहे. काचेच्या पेटीत हाताने गुंडाळलेला, अंड्याच्या आकाराचा दोऱ्याचा गोळा आहे. भारत-पाकिस्तान सीमेवरचं ११८८.५ मैल कुंपण, म्हणजे साधारण १९१२ किलोमीटर, आणि दोरा त्याच्या १४.९ पट कमी. हिशेब केला तर जवळपास १२८ किलोमीटर! कल्पना सुंदर आहे, कारण रेषा गुंडाळली की ती काहीच विभागू शकत नाही. पण हा आकडा पितळी पट्टीवर लिहिलेला आहे. पट्टी झाका, आणि समोर फक्त दोऱ्याचा गोळा उरतो.

विज्ञानात आपण आलेखाला मथळा देतो, पण चांगला आलेख मथळ्याआधीच अर्ध्याहून जास्त सांगून जातो. गुप्तांची उत्तम कामं या कसोटीला उतरतात. पुढच्या वेळी अशा प्रदर्शनात गेलात, तर आधी वस्तू बघा, ती कशी चालते ते शोधा. पाटी नंतर वाचा.