एस्प्रेसोचा चोथा कुणाचा?

“दादा, तुम्ही मिश्री लावता का?”

रोज सकाळी आठला आमच्याकडे भांडी-ओट्याला येणाऱ्या मावशींनी मला हे विचारलं, तेव्हा घरी एस्प्रेसो मशिन येऊन जेमतेम दोन आठवडे झाले होते. ओट्यावर, शेगडीखाली, टाइल्सच्या फटींमध्ये बारीक काळपट पूड पसरलेली असायची आणि त्या ती रोज पुसायच्या. मी म्हटलं, मिश्री नाही मावशी, कॉफी आहे. त्यांनी हातातल्या फडक्याकडे पाहिलं, मग मशिनकडे, आणि म्हणाल्या, “एवढी महागाची, आणि निम्मी खालीच?”

निम्मी नव्हती. पण मी सॉफ्टवेअरवाला, मला आकडा हवा. दुसऱ्या दिवशी वजनकाटा घेऊन बसलो. ग्राइंडरमध्ये बिया टाकल्या 18 ग्रॅम, बास्केटमध्ये पूड आली 16.9 ग्रॅम. उरलेली थोडी ग्राइंडरच्या तोंडाला चिकटलेली, बाकीची ओट्यावर. ग्रॅमभर म्हणजे ऐकायला काहीच नाही. पण ही पूड फार बारीक असते. फुंकर मारली तर उडते, ओलं फडकं लावलं तर तिचा लेप होतो, आणि लेप काढायला फडकं तीनदा पिळावं लागतं. हे तीनदा पिळणं माझ्या हिशेबात नव्हतंच, कारण ते मी करत नव्हतो.

घरच्या एस्प्रेसोचे व्हिडिओ तुम्हीही पाहिले असतील. लाकडी काउंटर, मंद प्रकाश, बिया पडल्याचा आवाज, मधासारखी उतरणारी धार. मशिन घेण्याआधी मी असे तासन्‌तास पाहिले. त्यांतले चांगले व्हिडिओ बरंच शिकवतातही. पण त्या सगळ्यांत एक कट ठरलेला असतो. कपाचा क्लोजअप येतो आणि व्हिडिओ संपतो. चोथा कुठे गेला, गाळणी कुणी धुतली, काउंटर कुणी पुसला, हे कॅमेऱ्यासमोर क्वचितच येतं. आमच्या भाषेत सांगायचं तर ते ‘आउट ऑफ स्कोप’ असतं. माझी तक्रार या कटबद्दल आहे, कारण तोच कट मशिनच्या डिझाइनमध्येही दिसतो.

मुळात एस्प्रेसो हे घरचं पेय नाही. मिलानच्या लुइजी बेझेरानं 1901 मध्ये पेटंटसाठी दिलेलं वाफेचं मशिन असो, की दुसऱ्या महायुद्धानंतर आकिले गाज्जियानं आणलेलं दांडा ओढायचं मशिन असो, दोन्ही बारसाठी होती. बारमध्ये पूड सांडणं गृहीतच धरलेलं असतं. चोथा आपटून टाकायला खास खोका असतो, ब्रश असतो आणि पुसण्याचा पगार मिळणारा माणूसही असतो. घरासाठी इटलीनं वेगळी वस्तू केली. 1933 सालचा बियालेत्तीचा मोका पॉट शेगडीवर ठेवायचा, पूड त्याच्या पोटात बंद. आपल्या घरांत तर साखर घालून फेटलेली इन्स्टंट कॉफी आणि सणावाराला जायफळ घातलेली दुधाची कॉफी. इन्स्टंट कॉफीचाही चोथा असतोच, फक्त तो कारखान्यात राहतो. म्हणून तो आपल्याला कधी दिसला नाही.

आता बारचं मशिन छोटं होऊन ओट्यावर आलं, पण बारमधली पुसण्याची व्यवस्था बरोबर आली नाही. माझ्या मशिनला पाण्यासाठी छान ट्रे आहे. भरला की लाल तरंगता खुंट वर येतो. कारण पाणी सांडलं तर मशिन बिघडेल. कोरड्या पुडीसाठी मात्र काहीच सोय नाही. पुडीनं मशिन बिघडत नाही, ओटा बिघडतो. आणि ओटा कंपनीचा नाही. हे जमत नाही असंही नाही. मार्गारेट श्यूटे-लिहोत्स्कीनं 1926 मध्ये फ्रँकफर्टच्या घरांसाठी जे स्वयंपाकघर आखलं, त्यात कामाच्या टेबलातच कचऱ्याचा कप्पा होता. भाजी चिरली की देठं-सालं थेट त्यात सरकवायची. काम करणाऱ्या बाईच्या हातापासून सुरुवात केली की कचऱ्याची जागा आपोआप नकाशात येते.

मग पूड सांडते का? कारणं तीन.

एक, जागा. दळलेली कॉफी फुललेली असते. दाबल्यावर जी नीट मावते, ती दाबण्याआधी बास्केटच्या काठावर डोंगरासारखी उभी राहते. तिला बोटानं सारखं करायला गेलात की कडेलोट.

दोन, स्थिर विद्युत. दळताना बिया घासतात, फुटतात आणि कणांवर विद्युतभार जमतो. मग कण एकमेकांपासून पळतात, धातूला चिकटतात, तोंडातून बाहेर पडताना भलतीकडे उडतात. यावर जुना घरगुती उपाय म्हणजे दळण्याआधी बियांवर पाण्याचे एक-दोन थेंब. डेव्हिड रॉस या हौशी माणसाच्या नावानं तो ओळखला जातो. 2023 मध्ये ओरेगन विद्यापीठाचे रसायनतज्ज्ञ क्रिस्टोफर हेंडन आणि सहकाऱ्यांनी ‘मॅटर’ या नियतकालिकात याचा सविस्तर अभ्यास मांडला. त्या चमूत ज्वालामुखीच्या राखेतल्या विजेचा अभ्यास करणारेही होते. बियांमध्ये ओलावा जितका कमी, तितका भार जास्त. पाण्यानं भार आणि गुठळ्या कमी होतात, आणि एस्प्रेसोत उतरणारा अर्कही वाढतो.

तीन, घाई. शॉट संपल्या संपल्या पोर्टाफिल्टर, म्हणजे ती दांड्याची गाळणी, फिरवून काढली, तर आत अडकलेला दाब गरम चोथ्यासकट बाहेर फुटतो. दाब सोडणारी झडप ज्या स्वस्त मशिनमध्ये नसते, तिथे हा धोका जास्त आणि चोथाही पातळ चिखलासारखा. थोडं थांबलं की चोथ्याची वडी पडते, एका ठोक्यात निघते.

या तीन कारणांवर बाजारात डझनभर वस्तू मिळतात. त्यांतली एकच मला खरोखर चांगली वाटते. बास्केटवर बसणारी रिंग. साधं धातूचं कडं, पण ती भिंत उंच करते आणि पहिलं कारणच संपवते. पूड मोकळी करायच्या बारीक सुयाही उपयोगी, पण रिंग लावलेली असेल तरच. रिंगशिवाय त्या ओट्यावर रांगोळी घालतात. चुंबकाचे ट्रे, रबरी मॅट, ‘कॉफी स्टेशन’चे लाकडी खोके हे सगळे पॅच आहेत. सांडणं थांबवत नाहीत, सांडलेलं देखणं करतात. आणि आठवड्यानं त्यांनाही घासावं लागतं. मी मॅट घेतली होती. तिच्या खाचांमधली पूड काढायला मावशींनी जुना टूथब्रश ठेवला, तेव्हा मला कळलं की माझ्या खरेदीनं त्यांचं काम वाढलं होतं.

इथे मला रूथ श्वार्त्झ कोवन या इतिहासकार बाईंचं ‘मोअर वर्क फॉर मदर’ हे 1983 चं पुस्तक आठवतं. घरगुती यंत्रं आली तरी अमेरिकेतल्या गृहिणींचं काम का घटलं नाही, हा त्यांचा प्रश्न. त्यांचं एक उत्तर असं, की यंत्रांनी बऱ्याचदा घरातल्या पुरुषांची आणि मुलांची कामं काढून घेतली, आणि स्वच्छतेची अपेक्षा वाढवून उरलेलं सगळं बाईवर टाकलं. माझ्या ओट्यावर याचीच उलटी आवृत्ती चालू होती. पुरुषानं हौसेनं नवं काम घरात आणलं, त्यातला वजनकाट्याचा, सुयांचा, सुगंधाचा भाग स्वतःकडे ठेवला आणि शेपूट दुसऱ्या कुणाला दिलं. बहुतेक घरांत ती आई असते किंवा बायको. माझ्याकडे मावशी होत्या, आणि ठरलेल्या पगारात ‘एस्प्रेसो’ नावाची ओळ नव्हती.

“मग कॉफीच सोडायची का?” असं कुणी विचारेल. नाही. चव खरी आहे, हौसही खरी आहे. पण एखाद्या वस्तूचं परीक्षण करताना आपण दाब, तापमान, दिसणं यांना गुण देतो, तसे नंतरच्या दहा मिनिटांनाही द्यायला हवेत. आणि ती दहा मिनिटं कुणाची, हेही लिहायला हवं.

सध्याचा माझा क्रम असा. बियांवर एक थेंब पाणी, चमच्याच्या दांड्यानं ढवळून. बास्केटवर रिंग. ग्राइंडर आणि पोर्टाफिल्टर दोन्ही आईच्या जुन्या परातीत. मॅट काढून टाकली. सांडलेलं कोरड्या ब्रशनं परातीतच गोळा करायचं, ओलं फडकं सगळ्यात शेवटी. चोथा ओल्या कचऱ्यात, सिंकमध्ये अजिबात नाही, कारण तेलकट पाण्याबरोबर तो पाइपात बसतो. परवा पुन्हा मोजलं, 18 ग्रॅमला 17.8.

रविवारी मात्र मित्र येतात, एकामागून एक सहा कप होतात, गप्पांच्या नादात रिंग कुठेतरी राहते आणि ओटा पुन्हा काळा होतो. सोमवारी मावशी आठला येतात. मी पावणेआठला उठून पुसतो. अजून त्यांच्याइतकं स्वच्छ जमत नाही.