नीलगिरीवरचा खटला : साक्षी अनेक, मोजमाप थोडे

‘नीलगिरी : शाप की वरदान?’ हा विषय शाळांच्या वादविवाद स्पर्धांना नवा नाही. नीलगिरी जमिनीतले पाणी शोषते, विहिरी कोरड्या पाडते, तिच्याखाली गवतही उगवत नाही, असे एक बाजू सांगते. ती झपाट्याने वाढते, गुरे तिला तोंड लावत नाहीत, हलक्या जमिनीतही पैसा देते, असे दुसरी बाजू उत्तर देते. दोन्हीकडची वाक्ये पाठ असतात. आमचा आक्षेप असा की, पाऊस किती, माती किती खोल आणि झाडे किती दाट, या तीन गोष्टी वादात क्वचितच ऐकू येतात.

नाशिक जिल्ह्याने हा वाद जवळून पाहिला आहे. निफाड तालुक्यातील कुंदेवाडीचे विनायकराव पाटील यांनी शेतात नीलगिरी लावण्याचा मोठा प्रसार केला आणि १९८३ साली उत्पादकांची सहकारी संस्था उभी राहिली. उसासारखे, द्राक्षासारखे झाड हेही पीक होऊ शकते, हा त्यामागचा विचार. त्याच वर्षी कर्नाटकातील तुमकूर भागात शेतकऱ्यांनी रोपवाटिकांमधील नीलगिरीची रोपे उपटून टाकली. झाड तेच, एका ठिकाणी ते पीक ठरले, दुसऱ्या ठिकाणी आरोपी.

आधी या झाडाचे माहेर पाहू. नीलगिरीच्या सातशेहून अधिक जाती आहेत आणि जवळजवळ सर्व ऑस्ट्रेलियातील. म्हणजे ‘नीलगिरी’ हे एका झाडाचे नव्हे, मोठ्या कुळाचे नाव झाले. उटीच्या थंड डोंगरावरची जात वेगळी आणि मैदानी शेतांच्या बांधावरची वेगळी. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेकडील टास्मानिया बेटावर पावसाळी जंगलात उंच नीलगिरी आणि ‘दक्षिणी बीच’ (नोथोफॅगस) शेजारी शेजारी आढळतात. नीलगिरीच्या रोपाला भरपूर ऊन लागते. दाट सावलीत ते जगत नाही. वणव्याने जंगल मोकळे झाले की राखेवर नीलगिरी उगवते आणि भराभर उंच होते. बीच सावकाश वाढतो. त्याची रोपे सावलीत तग धरतात. तीन-चारशे वर्षे वणवा लागलाच नाही, तर म्हाताऱ्या नीलगिरी पडतात, त्यांची जागा घेणारी पिलावळ नसते आणि जंगल बीचचे होते. वणवे वारंवार लागले, तर बीच मागे हटतो. वाढीचा वेग हा गुणही नव्हे, दोषही नव्हे. विशिष्ट परिस्थितीत जगण्याची ती एक रीत आहे. आपल्या वादातील दोन्ही पक्ष नेमके हेच विसरतात.

आता या विषयावरील लिखाणाकडे वळू. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेसाठी पूर व फ्राइस यांनी १९८५ साली नीलगिरीच्या पर्यावरणीय परिणामांचा आढावा घेतला. सर्व ठिकाणांना लागू पडेल असे एकच उत्तर नाही, प्रत्येक जागेचा स्वतंत्र विचार करा, असा त्यांचा निष्कर्ष. तो प्रामाणिक आहे. पण शिक्षकाच्या हाती त्यातून मोजण्याचे साधन येत नाही. ते काम कर्नाटकातील प्रत्यक्ष मोजणीने केले. काल्डर व सहकाऱ्यांनी १९९२ साली ती ग्रंथरूपाने मांडली. उथळ मातीत नीलगिरीचा पाणीवापर स्थानिक पानझडी जंगलाइतकाच भरला; नाचणीच्या शेताच्या मात्र सुमारे दुप्पट. खोल मातीच्या एका ठिकाणी झाडांनी वर्षाच्या पावसाहूनही अधिक पाणी वापरले, म्हणजे जमिनीत पूर्वी साठलेली ओल उपसली. हे निष्कर्ष कोणत्याच पक्षाला सोयीचे नाहीत आणि म्हणूनच ते मोलाचे आहेत.

एन. सी. सक्सेना यांचे १९९४ चे पुस्तक मुख्यतः उत्तर भारताविषयी आहे. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस लाकडाचे भाव पडले आणि शेतकऱ्यांचा उत्साह ओसरला, असे ते दाखवते. हा निकाल झाडाच्या मुळांनी नव्हे, बाजाराने दिला. वनस्पतिशास्त्राच्या तासाला हा मुद्दा गाळून चालणार नाही.

वर्गात करण्याजोगा एक हिशेब देतो. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर पाणी. सिन्नर-येवल्याकडे वर्षाला ६०० मिलिमीटर पाऊस धरला, तर हेक्टरी साठ लाख लिटर. दोन मीटर अंतराने झाडे लावली तर हेक्टरी २५०० बसतात. सगळा पाऊस जमिनीत मुरला आणि झाडांनाच मिळाला असे मानले, तरी दर झाडाला वर्षाकाठी २४०० लिटर, म्हणजे दिवसाला सुमारे साडेसहा लिटर येतात. आता समजा, अशा दाट लागवडीतील एक झाड रोज शंभर लिटर पिते, असे कोणी म्हणाले. त्यासाठी वर्षाला ९१२५ मिलिमीटर पाऊस लागेल. इगतपुरीचा पाऊसही याच्या एक-तृतीयांशाच्या आसपास आहे! कालव्याचे किंवा भूजलाचे पाणी मिळत नसेल, तर तो आकडा अशक्य आहे. उलट, साडेसहा लिटर किरकोळ वाटले तरी सगळा पाऊस झाडांनीच वापरला, तर विहिरीसाठी उरले काय, हाही प्रश्न उभा राहतो.

म्हणून स्पर्धेचा विषय बदलावा, अशी आमची सूचना आहे. ‘आमच्या गावात, या मातीत, या विहिरीपासून इतक्या अंतरावर नीलगिरी लावावी का?’ असे विचारावे. मुलांनी गावचा पर्जन्यमापक पाहावा, विहिरीच्या कडेला मातीचा थर किती खोल आहे ते मोजावे, पावसाळ्याआधी व नंतर पाण्याची पातळी नोंदवावी आणि मग बोलायला उभे राहावे. यांतली काही मुले उद्या स्वतःच्या शेताविषयी हाच निर्णय घेणार आहेत. त्या वेळी पाठ केलेले भाषण त्यांच्या उपयोगी पडणार नाही. ही नोंदवही पडेल.