सोने खाणारा पाहुणा

दोन माणसे समोरासमोर, आणि मध्ये सोन्याने भरलेले एक पात्र. रंग नाही, नुसती शाईची रेषा. एक आहे इंका सम्राट वायना कापाक. दुसरा पेद्रो दे कांदिया, पेरू जिंकणाऱ्या स्पॅनिश सेनानी पिसारोच्या तुकडीतला क्रेट बेटावरचा ग्रीक. सम्राट आपल्या केचुआ भाषेत विचारतो, हे सोने तुम्ही खाता का? आणि पाहुणा स्पॅनिशमध्ये सांगतो की होय, आम्ही हेच खातो. प्रश्नोत्तरे चित्रातच लिहिली आहेत.

पेरूच्या फेलिपे ग्वामान पोमा दे आयाला या मूळनिवासी लेखकाने स्पेनच्या तिसऱ्या फिलिपला जवळजवळ १२०० पानांचे एक पत्र लिहिले आणि त्यात ३९८ चित्रे काढली. ते १६१५ च्या सुमारास पूर्ण झाले. त्यातले हे एक पान. आपण त्या प्रश्नाजवळ जरा रेंगाळू या. त्यात उपरोध शोधण्याचा मोह होतो, पण मला तो आधी यजमानाचा प्रश्न वाटतो. दारी आलेल्याला काय चालते, काय रुचते, हे विचारावे तितका सहज. इंकांची राजधानी कुस्को, तिथल्या सूर्यमंदिराच्या भिंतींना सोन्याचे पत्रे होते, पण त्या राज्यात सोन्याचे नाणे नव्हते. मग ज्या वस्तूवाचून हा परका इतका व्याकूळ होतो, ती त्याचे अन्नच असणार, असा तो निर्मळ तर्क आहे. आणि उपरोध उगवतो तो उत्तरात, जिथे पाहुणा लाजतही नाही.

गंमत अशी की, ही भेट कधी झालीच नाही. कांदिया तुंबेसच्या किनाऱ्यावर उतरला खरा, पण कुस्कोत सम्राटापुढे तो कधीच बसला नाही. सम्राटाला तर बहुधा देवीच्या साथीने गाठले, म्हणजे स्पॅनिश सैन्याच्या आधी त्यांचा रोग पोहोचला होता. घडलेले होते ते वेगळेच : १५३२ मध्ये काहामार्का येथे सम्राटपुत्र अताहुआल्पाला धरले, खंडणी म्हणून खोलीभर सोने घेतले आणि पुढच्याच वर्षी त्याला मारले. चित्रकाराने हा सारा इतिहास एका न घडलेल्या जेवणाच्या संवादात आटवला आहे.

पण या खाण्याची खरी चव कळते ती पुष्कळ पाने उलटल्यावर. तिथे एक गरीब मूळनिवासी गुडघे टेकून, हात जोडून बसला आहे आणि भोवती त्याला खाणारे सहा प्राणी आहेत : प्रांताचा स्पॅनिश अधिकारी साप, वाटेवरच्या धर्मशाळांतला स्पॅनिश माणूस वाघ, जहागीरदार सिंह, पाद्री कोल्हा, लेखनिक मांजर. सोन्याने ज्यांची भूक भागली नाही, त्यांच्या ताटात आता माणूस आला, हे आपल्याला कुणी सांगावे लागत नाही. सहावा प्राणी मात्र थबकवतो. तो उंदीर आहे आणि तो आहे त्यांचाच मूळनिवासी प्रमुख. स्वतःला थोर मूळनिवासी कुळातला म्हणवणाऱ्या लेखकाने आपल्या वर्गालाही या पंगतीतून उठवलेले नाही. या एका उंदरामुळे उरलेल्या पाच श्वापदांवर आपला विश्वास बसतो.

राजाने हे पत्र वाचल्याचा पुरावा नाही. १९०८ मध्ये ते कोपनहेगनच्या शाही ग्रंथालयात अभ्यासकांच्या हाती लागले. आज त्या ग्रंथालयाने प्रत्येक पान इंटरनेटवर मोफत खुले केले आहे. स्पॅनिश येत नसले तरी अडत नाही. निदान ही दोन पाने शेजारी ठेवून पाहा, पण आधी सोन्याचे, मग उंदराचे.