कमी दाबाचा पट्टा नेमका कुणाच्या शेतावर?

जून ते ऑक्टोबर या काळात मराठी बातम्या लावल्या की एक वाक्य हमखास कानावर पडतं : ‘बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार झाल्याने राज्यात मुसळधार पावसाचा इशारा.’ आज या एका वाक्याचीच चिरफाड करूया. वाक्य खोटं नाही. पण ते अर्धवट आहे, आणि राहिलेला अर्धा भागच शेतकऱ्याच्या कामाचा असतो.

आधी ‘कमी’ हा शब्द. कमी म्हणजे कशापेक्षा कमी? समुद्रसपाटीवर हवेचा दाब सरासरी १०१३ हेक्टोपास्कल धरतात. शिरूर तालुक्यातलं आमचं वढू बुद्रुक समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंच. सुरुवातीला दर आठ-नऊ मीटर चढलं की दाब एका हेक्टोपास्कलनं उतरतो. त्यामुळे दाब मोजणारा फोन गावात ९५०च्या आसपासचा आकडा दाखवेल. म्हणून वढूवर कायमचं वादळ घोंघावतंय असं होत नाही! हवामानखातं प्रत्येक ठिकाणचा आकडा समुद्रसपाटीला आणून मग नकाशा काढतं. ‘कमी’ म्हणजे आजूबाजूच्या प्रदेशापेक्षा कमी. हा फरक बऱ्याचदा अगदी थोड्या हेक्टोपास्कलचा असतो. एवढ्याशा फरकावर शेकडो किलोमीटरवरची हवा हलते.

आता ‘पट्टा’. बातम्यांत पट्टा, क्षेत्र, वादळ असे शब्द हवे तसे अदलून-बदलून वापरले जातात. हवामानशास्त्रात त्यांना पायऱ्या आहेत. वारे ताशी ३१ किलोमीटरच्या आत असतील तर नुसतं कमी दाबाचं क्षेत्र. ३१ ते ४९ असतील तर अवदाब, ५० ते ६१ असतील तर तीव्र अवदाब, आणि ६२ पासून पुढे चक्रीवादळ. पट्टा म्हणजे लांबट आकाराचा कमी दाब. राजस्थानपासून बंगालच्या उपसागरापर्यंत पसरलेला मान्सूनचा पट्टा हे त्याचं ठळक उदाहरण. ३ जून २०२० ला अलिबागच्या दक्षिणेला धडकलेलं ‘निसर्ग’ आणि एखादा साधा कमी दाब, या दोन्हींसाठी पडद्यावर तीच लाल पट्टी आणि तेच धडाडणारं संगीत असेल, तर प्रेक्षकाला फरक कळायचा कसा?

पण माझा खरा आक्षेप पुढे आहे. उपसागरातल्या कमी दाबानं आपल्याकडे पाऊस कसा पडतो, हे सांगितलंच जात नाही. दक्षिण गोलार्धात मादागास्करच्या पूर्वेला, मस्कारेन बेटांजवळ जास्त दाबाचं क्षेत्र असतं. तिथून निघालेले वारे विषुववृत्त ओलांडतात, पृथ्वीच्या फिरण्यामुळे उजवीकडे वळतात आणि अरबी समुद्रावरून नैऋत्येकडून आपल्याकडे येतात. ओडिशा-छत्तीसगडकडे कमी दाब सरकला की हे पश्चिमेचे वारे जोर धरतात, सह्याद्रीला धडकून वर चढतात, थंड होतात आणि घाटात कोसळतात. घाट उतरून पूर्वेकडे आलेली हवा बरीचशी रिकामी झालेली असते. भीमाशंकरपासून वढूचं हवाई अंतर सुमारे ७० किलोमीटर. तिथे धो-धो, इथे भुरभुर! बातमी मात्र दोन्हीकडे एकच : ‘पुणे जिल्ह्याला रेड अलर्ट’.

मग वढूला त्या बातमीचा काहीच उपयोग नाही का? आहे, पण वेगळ्या अर्थानं. घाटातलं पाणी चासकमान धरणात येतं, आणि विसर्ग सोडला की भीमा फुगते. म्हणजे इथल्या शेतकऱ्यानं आभाळाकडे नाही, नदीकडे बघायचं असतं आणि काठावरच्या मोटारी वेळेत वर काढायच्या असतात. आपल्या वाहिन्या खडकवासल्याचा विसर्ग दिवसभर दाखवतात, पण ते पाणी मुळा-मुठेतून जातं आणि भीमेला मिळतं ते वढूच्या खूप खाली.

याची उलटी बाजूही बघा. १३ ऑक्टोबर २०२० ला एक तीव्र अवदाब काकीनाड्याजवळ किनाऱ्यावर आला आणि तेलंगणातून महाराष्ट्रात शिरला. सोलापूर, पंढरपूरपासून पुण्यापर्यंत दाणादाण उडाली. कोरडवाहू म्हणवणाऱ्या पूर्व भागानंच मार खाल्ला. दोन्ही वेळा बातमीतलं पहिलं वाक्य एकच असतं. बदलतो तो कमी दाबाचा मार्ग, आणि नेमका तोच वगळला जातो.

हे सोपं करून सांगता येत नाही असं नाही. बायस बॅलट या डच शास्त्रज्ञानं १८५७ मध्ये मांडलेला नियम वाचा : आपल्या गोलार्धात वाऱ्याकडे पाठ करून उभं राहा, कमी दाब डाव्या हाताला. जुलैत वारा पश्चिमेचा, म्हणजे पाठ पश्चिमेला आणि डावा हात उत्तरेला. मान्सूनचा पट्टा तिकडेच असतो. वारा पूर्वेचा झाला की डावा हात दक्षिणेला येतो. मग पूर्व भागानं सावध व्हावं. डोंगर-टेकड्यांमुळे आणि स्थानिक वाऱ्यांमुळे यात थोडं इकडेतिकडे होतं, पण तीस सेकंदांत सांगता येण्याजोगी ही गोष्ट आहे.

वाहिन्यांच्या बाजूनंही बोलायला हवं. त्यांना वेळ कमी असतो, आणि हवामानखात्याचे इशारेही मुख्यतः जिल्ह्यानुसार येतात. तरी खात्याच्या अंदाजात ‘पुणे घाट’ वेगळा दाखवलेला असतो. ‘अति मुसळधार’ला ११५.६ ते २०४.४ मिलिमीटर अशी व्याख्या असते. पुढच्या काही तासांचे ताजे इशारे असतात. ही माहिती निवेदकाच्या टेबलापर्यंत पोचते आणि तिथून आरडाओरडा बाहेर पडतो. बीबीसीवर जॉर्ज काउलिंग १९५४ मध्ये नकाशासमोर उभे राहिले, ते स्वतः हवामानतज्ज्ञ होते. अमेरिकेत हवामान सांगणाऱ्यांना तिथली हवामानशास्त्र संस्था पारखून प्रमाणित करते. आणि ज्या पुण्यात १९२८ मध्ये सिमल्याहून हवामान कार्यालय आलं, जिथले जुने लोक अजून त्याला ‘सिमला ऑफिस’ म्हणतात, तिथल्या भाषेत रोज असा एक माणूस पडद्यावर दिसू नये?

कारण नुकसान फक्त ज्ञानाचं नाही. चार वेळा ‘रेड अलर्ट’ ऐकून आभाळ कोरडं राहिलं की पाचव्या वेळी काढलेला कांदा कुणी झाकत नाही. मग लोक म्हणतात, खात्याचं काही खरं नसतं. अंदाज बहुधा बरोबरच असतो, फक्त तो घाटाचा असतो.

तेव्हा पुढच्या वेळी ते वाक्य ऐकलंत की तीन प्रश्न विचारा : कमी दाब कुठल्या दिशेनं सरकतोय? इशारा घाटाला आहे की आपल्या तालुक्याला? आणि आपल्या नदीचं पाणी कुठल्या धरणातून येतं? बातमीत उत्तरं नसतील, तर ती बातमी अजून पूर्ण झालेली नाही.