बापलेकांची वाट

ज्यू सभास्थानात तोरा वर्षभरात सबंध वाचली जाते. अवघड भाग वगळण्याची सोय नाही. ‘वायेरा’ या साप्ताहिक पाठात उत्पत्तीचे 18 ते 22 हे अध्याय येतात, शेवटी इसहाकाच्या बलिदानाची कथा. तिच्यावरील फ्रान्समधील रब्बी राशी (1040–1105) यांचे भाष्य एका पुनरुक्तीपाशी थबकते. बापलेक बरोबर चालले, हे तिथे दोनदा सांगितले आहे. पहिल्या वेळी पुढचे फक्त आब्राहामाला ठाऊक. तरी तो अजाण मुलाइतक्याच आनंदाने चालतो. मग मुलगा कोकराविषयी विचारतो, उत्तरातून सारे उमगतो, आणि तरीही एकदिलाने चालत राहतो. शब्द तेच, पण दुसऱ्या वेळी त्यांत मुलाची संमती आहे. बापाचा आनंद मात्र मला पटत नाही. तीन दिवसांची ती वाट फार मुकी आहे.

आपल्याकडे उपवासकाळाच्या दुसऱ्या रविवारी (‘ब’ वर्ष) हाच अध्याय वाचतात, पण 3 ते 8 ही वचने गाळून. आज्ञा होते आणि लगेच वेदी! मुलाचा प्रश्न मंदिरात ऐकूच येत नाही. ज्या लाकडे वाहणाऱ्या इसहाकात ख्रिस्तसभेच्या आचार्यांनी क्रूस वाहणारा ख्रिस्त पाहिला, तोही त्याच गाळलेल्या वचनांत आहे. पास्काच्या जागरणविधीत पूर्ण पाठाची मुभा आहे. तिथे तरी तो तोडू नये.