‘फर्ग्युसनमध्ये नाही’ : एका ग्रंथसूचीविषयी

जुने रसायनग्रंथ विकणाऱ्या विलायती दुकानदारांच्या याद्यांत एक शेरा हटकून भेटतो : ‘फर्ग्युसनमध्ये नाही’. म्हणजे पुस्तक अतिदुर्मीळ, म्हणजेच भाव चढा. ज्या सूचीच्या नावावर हा भाव चढतो, ती चाळल्यावर माझं मत झालं की फर्ग्युसनवर हा चक्क अन्याय आहे.

जॉन फर्ग्युसन हे ग्लासगो विद्यापीठात रसायनशास्त्राचे प्राध्यापक. पॅराफिन तेलाच्या धंद्यात गबर झालेला जेम्स यंग १८८३ साली वारला. किमया, रसायन आणि औषधनिर्मिती यांवरचे त्याने जमवलेले ग्रंथ फर्ग्युसननी नोंदवले आणि १९०६ मध्ये ‘बिब्लिओथेका केमिका’चे दोन खंड निघाले.

नाव सूचीचं, पण काम चिकित्सेचं. बॅसिल व्हॅलेंटाइन हे नाव घ्या. पंधराव्या शतकातला साधू म्हणून तो गाजला. पण त्याच्या नावावरची पुस्तकं छापून येऊ लागली ती १५९९ पासून, योहान थोल्डे या गृहस्थाच्या हातून. असा लेखक खरोखर झाला का, असा प्रश्न पडतो. अशा ठिकाणी फर्ग्युसन घाई करत नाहीत. आधी कोणी काय लिहिलं ते समोर ठेवतात, मग शंका मांडतात. पहिल्या आवृत्तीइतकंच लक्ष ते नंतरच्या आवृत्त्यांकडे आणि भाषांतरांकडे देतात. मला हा त्यांचा सर्वांत मोठा गुण वाटतो. लाव्हाझिएचा १७८९ चा मूळ फ्रेंच ग्रंथ संग्राहकाला हवाहवासा. पण रॉबर्ट करने १७९० मध्येच तो इंग्रजीत आणला नसता, तर इंग्रजी वाचणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती तो कसा पडला असता?

दोषही सांगायला हवा. ही शेवटी एका श्रीमंताच्या कपाटांची यादी. यंगने जे घेतलं नाही त्याला स्वतंत्र नोंद नाही. म्हणून ‘फर्ग्युसनमध्ये नाही’ याचा खरा अर्थ एवढाच, की पुस्तक यंगकडे नव्हतं. शेजारी प्रफुल्लचंद्र राय यांचा हिंदू रसायनाचा इतिहास ठेवावा. त्याचा पहिला भाग १९०२ चा. रायांपुढे तयार कपाट नव्हतं. ठिकठिकाणची हस्तलिखितं मिळवून, पाठ ताडून त्यांना काम करावं लागलं. ‘रसार्णव’ तर त्यांनीच पुढे १९१० मध्ये संपादून छापवला.

आपल्या बडोद्याला यातून काय घेता येईल? १८९० मध्ये इथे कलाभवन निघालं. रसायनज्ञ त्रिभुवनदास गज्जर त्याचे पहिले प्रमुख, आणि धंदेशिक्षण देशी भाषेतून द्यावं हा त्यांचा आग्रह. तिकडे कोल्हापुरात बाळाजी प्रभाकर मोडक मराठीतून रसायनशास्त्र लिहीत होते. अशा क्रमिक पुस्तकांना लिलावात कोण विचारतो? ती शुक्रवारी बाजारात किलोवर जातात. वाचनालयं ‘कालबाह्य’ असा शिक्का मारून ती रद्दीत काढतात. समासात पेन्सिलीने सोडवलेली गणितं, आम्लाचे डाग, पानावर विद्यार्थ्याचं नाव आणि साल : हौशी संग्राहक याला खराब प्रत म्हणतो. इथे रसायन कोण, कधी, कुठल्या भाषेत शिकलं याचा पुरावा मात्र त्याच प्रतीत असतो.

विलायती पहिल्या आवृत्त्या आपल्या खिशाला परवडणाऱ्या नाहीत, आणि त्या सांभाळायला तिकडची ग्रंथालयं समर्थ आहेत. डाग पडलेली मराठी-गुजराती प्रत मात्र आपण नाही उचलली तर कोणीच उचलणार नाही. ती उचलावी, आणि फर्ग्युसनच्या पद्धतीने नोंदवावी : लेखक, आवृत्ती, भाषांतर कशावरून, प्रत कोणाकोणाच्या हातातून गेली. किंमत लिहिली नाही तरी चालेल.